रागाचा ड्रॉवर

मी आयुष्यात एकदाच एका माणसाला नोकरीवरून काढलं आहे, आणि तेही इतक्या सुंदर भाषेत की ज्या बाईंना काढलं त्यांनी ते पत्र अख्ख्या जिन्याला वाचून दाखवलं. त्यांना काढायचं मुळीच नव्हतं, हा भाग वेगळा.

आमचा कारखाना ब्रशांचा. भिंती रंगवायचे, बाटल्या धुवायचे, बूट चमकवायचे, फरशी घासायचे असे सगळे ब्रश आमच्याकडे होतात. खाली शेडमध्ये एकशे चाळीस माणसं आणि वर ऑफिसात आम्ही पाच. माझं काम पत्रं लिहिण्याचं. ‘तुमच्या ब्रशाचे केस गळतात’ अशी एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार आली, की त्याला असं उत्तर लिहायचं की वाचता वाचता त्याला स्वतःच्याच केसांची काळजी वाटू लागावी. या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मला वाटतं. आणि सगळी भानगड या वाटण्यातूनच झाली.

माझ्या शेजारच्या टेबलावर मस्टरबाई बसतात. त्यांच्या मागच्या भिंतीवर आधी ‘हजेरी विभाग’ अशी पाटी होती. मग ‘कामगार कल्याण’ आली. आता ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ आहे. एकतीस वर्षांत पाटी दोनदा बदलली. टेबल, खुर्ची आणि बाई मात्र त्याच राहिल्या. कामावर कोण आलं, कोण नाही, कोणाची किती रजा उरली, कोणाला कुठल्या नियमाने काय मिळायला हवं आणि कोणाला कुठल्या नियमाने काय मिळणार नाही, हे सगळं त्यांच्या मस्टरमध्ये असतं, आणि मस्टर हरवलंच तर त्यांच्या डोक्यात असतं. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली घरच्या फोटोंऐवजी कारखान्याचे स्थायी आदेश आहेत. नोकरीवर कसं घ्यायचं, कसं वागवायचं आणि वेळ आलीच तर कसं जाऊ द्यायचं, याचे सरकारमान्य सदतीस नियम. इतर बायका पाककृती पाठ करतात, तसे बाईंना ते पाठ आहेत. फरक इतकाच की बाई चवीपुरतं काही घालत नाहीत.

ही बाई माझी सख्खी मावशी आहे. आईची धाकटी बहीण.

लोकांना वाटतं, मावशी कारखान्यात म्हणजे भाच्याची चैन. मी नोकरीसाठी अर्ज केला तेव्हा मावशीने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर साहेबांना लेखी कळवलं की सदर उमेदवार माझा भाचा आहे, तरी मुलाखतीच्या वेळी मला खोलीबाहेर बसवावं. बाहेर बसवावं म्हणजे काय, तर ती खरोखर बाहेर बाकावर बसली, माझ्या आधी आलेल्या तीन उमेदवारांच्या शेजारी, आणि त्यांतल्या एकाला तिने पाणी आणून दिलं. मला नाही दिलं. ‘पक्षपात दिसला असता,’ असं नंतर म्हणाली.

तेव्हापासून आमच्यात एक रेघ आखलेली आहे आणि ती कारखान्याच्या फाटकातून जाते. फाटकाच्या बाहेर, “अरे, मफलर घातला नाहीस? आईला सांगू?” फाटकाच्या आत, “अहो, आपण चार मिनिटं उशिरा आलात. सही लाल शाईने करा.” एकाच वाक्याच्या मध्ये फाटक लागलं तर वाक्याचा पहिला अर्धा भाग मावशीचा असतो आणि दुसरा अर्धा कारखान्याचा.

आता त्या चिठ्ठ्यांबद्दल सांगायला हवं.

आमच्या ऑफिसच्या खिडकीत एकच छापील कागद मिळतो: रजेची चिठ्ठी. नाव, विभाग, किती दिवस, कारण. दुसरा कुठलाच छापील कागद नसल्यामुळे एकशे चाळीस माणसं जगातलं सगळं काही या चिठ्ठीवर लिहितात. दिवस शून्य, कारण: ‘संडासातला दिवा गेलाय.’ दिवस शून्य, कारण: ‘मुकादम माझ्या पाठीमागे उभं राहून शीळ घालतो.’ एकाने एकदा दिवस: एक, कारण: ‘मुलगी झाली!!!’ असं लिहून खाली तिचं वजनही लिहिलं होतं.

मस्टरबाई रोज सकाळी या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या वाटून ठेवतात. डाव्या हाताला रजा, उजव्या हाताला गाऱ्हाणी आणि टेबलाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये राग. ‘मी चाललो’, ‘मला कोणाचं तोंड बघायचं नाही’, ‘काय करायचं ते करा’ अशा चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये जातात. जाण्याआधी चिठ्ठीत काही गाऱ्हाणं असेल तर ते बाई तक्रारवहीत उतरवून घेतात. मग चिठ्ठी तीन दिवस तिथे पडून राहते. तिसऱ्या दिवशी, बहुधा जेवणाच्या सुट्टीनंतर, ते माणूस हात पुशीत येतं आणि खिडकीबाहेरच्या हवेकडे बघत म्हणतं, “बाई, माझी एक चिठ्ठी होती...”

“असेल,” बाई म्हणतात. ड्रॉवर उघडतात, न वाचता चिठ्ठी पुढे करतात. ते माणूस ती फाडतं आणि टोपलीत टाकतं. त्यासाठी केराची टोपली टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, येणाऱ्याच्या पायाशी ठेवलेली आहे. मी सहा वर्षं समजत होतो की झाडूवाला टोपली चुकीच्या बाजूला ठेवतो.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. बाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मला फक्त दिसायचं की खालच्या ड्रॉवरमध्ये कागद साचतात आणि त्यांची वासलात लागत नाही.

त्या वर्षी बाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आठ दिवस रजा. (चिठ्ठीवर, रीतसर.) टेबल कोणाकडे द्यायचं हा प्रश्न आला तेव्हा हिशेबनीस तयार होता, टंकलेखिका तयार होती, पण बाईंनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

“हजेरी घ्या,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठ्या घ्या. पोच द्या. निर्णय घेऊ नका.”

“अगदी छोटासा सुद्धा?”

“अहो, तुमच्याकडून छोटा होत नाही.”

पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली, चिठ्ठ्या घेतल्या, पोच दिली आणि टोपली उचलून आपल्या बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी खालचा ड्रॉवर उघडला. आत तीन कागद होते. कोणाचंच उत्तर गेलेलं नव्हतं! मला एकदम मावशीची दया आली. बिचारीचा डोळा अधू, कामं तुंबलेली. परत येईल तेव्हा टेबल कसं लख्ख दिसलं पाहिजे, या भाच्याच्या मायेने मी बाह्या सरसावल्या.

पहिली चिठ्ठी टेम्पोच्या ड्रायव्हरची होती: ‘ही गाडी यापुढे एक तर मी चालवीन नाही तर देव.’ मी उत्तर लिहिलं, ‘दुसऱ्या उमेदवाराचा अर्ज न आल्याने तूर्त आपणच चालवावी.’ दुसरी पॅकिंगवाल्याची: ‘मुकादमाशी मी जन्मात बोलणार नाही.’ त्याला लिहिलं, ‘आपल्या निश्चयाची नोंद घेतली आहे.’ आणि तिसरी फणीकाकूंची.

फणीकाकू म्हणजे आमच्या शेडमधल्या सगळ्यात जुन्या बाई. ब्रशात बसवायचे केस लांब-आखूड, जाड-बारीक असे मिसळावे लागतात, आणि मिसळण्याआधी पोलादी फणीने विंचरावे लागतात. काकू तेवीस वर्षं हेच करत आल्या. मूठभर केस बोटांत धरून त्या नुसत्या वाकवतात आणि सांगतात, “यात आखूड जास्त झालेत.” मोजून बघितलं तर खरंच झालेले असतात. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, त्याचा हात कापू लागल्यावर दुकान बंद झालं. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. घर चालायचं ते काकूंच्या फणीवर.

त्यांच्या चिठ्ठीवर चार ओळी होत्या. मी शेवटच्या दोन वाचल्या: ‘मला उद्यापासून यायचं नाही. काय करायचं ते करा.’

आणि मी केलं.

‘आपला राजीनामा आम्ही अत्यंत जड अंतःकरणाने स्वीकारत आहोत,’ इथून सुरुवात केली. मग लेखणी थांबेना. ‘तेवीस वर्षांत आपल्या बोटांखालून गेलेल्या प्रत्येक केसाला आज पोरकं वाटत असेल,’ असं एक वाक्य सुचलं. ते मी दोनदा मोठ्याने वाचून बघितलं आणि टंकलेखिकेने डोळे पुसले. (तिला सर्दी होती, असं नंतर कळलं.) खाली ‘व्यवस्थापकांकरिता’ असं लिहून मीच झोकात सही केली. एक प्रत साहेबांना पाठवली. साहेब म्हणाले, “वा! छान!” मला वाटलं भाषेला म्हणाले.

काकूंनी ते पत्र शेडमध्ये उभ्या उभ्या वाचलं. त्या तर रोजच्यासारख्या कामावर आल्या होत्या! चिठ्ठी लिहिल्याला तीन दिवस झाले होते. खरं म्हणजे त्या दुपारी ती परत मागायला त्या वर येणार होत्या. त्यांनी फणी पुसली, खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि घरी गेल्या.

नवव्या दिवशी मस्टरबाई आल्या. एका डोळ्यावर पट्टी, वरून काळा चष्मा. बसता बसता त्यांनी पायाने टोपली चाचपली. टोपली जागेवर नव्हती. मग खालचा ड्रॉवर ओढला.

“यातले कागद?”

“निकालात काढले!” मी म्हणालो. माझा चेहरा तेव्हा कसा होता हे आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

बाईंनी तिन्ही प्रती मागून घेतल्या, एका डोळ्याने वाचल्या. ड्रायव्हरच्या पत्राला त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. फणीकाकूंच्या पत्राला काहीच हललं नाही.

“त्यांची मूळ चिठ्ठी वाचलीत?”

“वाचली की.”

“पहिलं वाक्य काय होतं?”

मी छताकडे बघितलं. तिथे लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी चिठ्ठी माझ्यासमोर धरली. पहिल्या दोन ओळी अशा होत्या: ‘नवीन पंखा माझ्या टेबलावर झोत मारतो. विंचरलेले केस उडतात, तीन वेळा सांगितलं, कोणी फिरवत नाही.’

“हा राजीनामा आहे?” बाई म्हणाल्या. “ही पंख्याची तक्रार आहे, अहो. तुम्ही पंखा ठेवून बाई काढलीत.”

आम्ही साहेबांच्या खोलीत गेलो. म्हणजे बाई गेल्या आणि मी त्यांच्या मागून ओढला गेलो. साहेबांच्या टेबलावर एक गुळगुळीत रंगीत पुस्तक उघडं होतं: केस मिसळायच्या यंत्राचं. बाईंनी ते एका डोळ्याने बघितलं आणि साहेबांनी ते दोन्ही हातांनी मिटलं.

“बाई, तिने स्वतः लिहून दिलंय,” साहेब म्हणाले. “आपण काय करणार?”

“साहेब, एक: ही रजेची चिठ्ठी आहे. दोन: राजीनामा दिला तरी महिनाभराची मुदत असते, तेवढ्यात माणूस तो परत घेऊ शकतं. आपण तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. तीन: नेमणूक तुमच्या सहीने होते, तर मोकळं करणंही तुमच्याच सहीने व्हायला हवं. या पत्रावर सही कोणाची आहे? गिऱ्हाइकांना पत्रं लिहिणाऱ्या कारकुनाची.”

कारकून हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मी मनातल्या मनात दोन इंच बुटका झालो.

साहेबांनी पेनाचं टोपण चावलं. “ठीक आहे. तिच्याकडून राजीनामा मागे घेतल्याचं लेखी आणा. उद्या पाचपर्यंत. नाही आणलंत, तर मी त्या पत्रावर स्वतः सही करतो. मग तर झालं ना नियमात?”

संध्याकाळी आम्ही फणीकाकूंच्या घरी गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या, दारातच बंद पडलेल्या घड्याळांचं कपाट. काकूंचे यजमान कापत्या हाताने एक घड्याळ पुसत बसले होते. सगळ्या घड्याळांत वेगवेगळी वेळ होती. त्या घरात उशीर झाला असं म्हणायची सोय नव्हती. काकूंनी मला बघितलं आणि म्हणाल्या, “हेच का ते? केसांना पोरकं करणारे?”

मी चपला काढायचं निमित्त करून खाली वाकलो.

“पत्र छान लिहिता हो,” काकू म्हणाल्या. “तेवीस वर्षांत कारखान्यात माझ्याशी एवढं गोड कोणी बोललं नाही. अख्ख्या जिन्याला वाचून दाखवलं मी. दुसऱ्या मजल्यावरची तर रडली. मग मला म्हणाली, एवढं कौतुक करतात तर काढलं कशाला? मी म्हटलं, अगं, काढायचं म्हणूनच तर कौतुक!”

हे बोलताना त्या हसत होत्या. पण बोलता बोलता त्यांचा उजवा हात ओट्यावरच्या फडक्याच्या दशा एकसारख्या करत होता, लांब एकीकडे, आखूड एकीकडे. मुलगी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसली होती आणि पान उलटत नव्हती.

बाईंनी कोरा कागद पुढे ठेवला. “काकू, साहेब म्हणतात, राजीनामा मागे घेतल्याचं लिहून द्या.”

काकूंनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

“मी राजीनामा दिलाच नाही, तर मागे काय घेऊ?”

“दोन ओळी लिही गं,” यजमान म्हणाले. “मानाचं नंतर बघू.”

“मानाचं नाही हो. मी पंख्याबद्दल लिहिलं. हे लिहून दिलं म्हणजे मी नोकरी सोडत होते आणि मग पाय धरून परत आले, असं कागदावर राहील. उद्या पुन्हा पंखा फिरवला तर मी कुठल्या तोंडाने बोलू?”

मी घाबरून मस्टरबाईंकडे बघितलं. उद्या पाचपर्यंतचा कागद, आणि ही बाई अडून बसलेली! पण बाईंच्या पट्टी नसलेल्या डोळ्यात असा आनंद दिसला, जसा माझ्या शाळेच्या निकालाच्या दिवशी एकदाच, चुकून, दिसला होता.

“अगदी बरोबर,” त्या म्हणाल्या आणि कोरा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. “नाही लिहायचं. मी सांगितलं तरी नाही लिहायचं.”

जिना उतरताना मी कळवळून म्हणालो, “मावशी, मग आता साहेब सही करतील ना!”

“पायऱ्या बघ. मला एकच डोळा आहे, तुला दोन असून उपयोग नाही.”

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला आम्ही पुन्हा साहेबांसमोर होतो. साहेबांनी हात पुढे केला. “कागद?”

“नाही दिला. देऊही नये. दिलेलंच काही नाही, मग परत काय घेणार? चूक आपली आहे, साहेब, पत्र आपण रद्द करायचं.”

साहेबांना राग आला. त्यांनी माझं ते सुंदर पत्र ओढलं आणि पेन उघडलं. “मी आत्ता सही करतो.”

“करा,” बाई म्हणाल्या. “तारीख आजची पडेल. आज ती लेखी द्यायला तयार आहे की तिने नोकरी सोडलेलीच नाही. प्रकरण कामगार अधिकाऱ्यांकडे जाईल. ते चिठ्ठी वरून खाली वाचतात, आमच्या पत्रलेखकांसारखी खालून वर नाही. पहिल्या ओळीत पंखा आहे. ते विचारतील, तीन वेळा सांगितलं तेव्हा काय केलंत? मी तक्रारवही पुढे करीन. तीन तारखा आहेत. तुमच्या तीन सह्या आहेत.”

साहेबांचं पेन कागदावर टेकलं नाही, पण मिटलंही नाही. यंत्राचं रंगीत पुस्तक कोपऱ्यातून चमकत होतं. खोलीत फक्त तो पंखा ऐकू येत होता. खालचा, शेडमधला.

मग बाई आवाज जरासा खाली आणून म्हणाल्या, “साहेब, माझा खालचा ड्रॉवर जुना आहे.”

“म्हणजे?”

“सतरा वर्षांपूर्वी एका नव्या इंजिनियरची चिठ्ठी त्यात होती. ‘या भंगारात मी एक दिवसही थांबणार नाही.’ मोठे मालक म्हणाले, आणा, मंजूर करतो. मी म्हटलं, तीन दिवस होऊ द्या.”

साहेबांचे कान हळूहळू लाल झाले. मी खिडकीबाहेर बघितलं. ऑफिसात सहा वर्षं काढल्यावर कुठे बघू नये एवढं समजतं. पेनाचं टोपण बसल्याचा बारीक आवाज आला.

“पण चूक कोणाची धरायची?” साहेब म्हणाले. “कोणाची तरी नोंद व्हायला हवी.”

“याची,” बाईंनी माझ्याकडे बोट केलं. “आणि माझी. टेबल मी दिलं होतं.”

रद्द केल्याचं पत्र बाईंनी मला तोंडी सांगितलं. ‘अमुक तारखेचे पत्र अधिकार नसलेल्या व्यक्तीने चुकीने पाठवले. ते रद्द आहे. आपली नोकरी अखंड आहे. गैरसोयीबद्दल माफी असावी.’ मी विचारलं, शेवटी केसांबद्दल एखादं वाक्य घालू का? बाईंनी चष्मा काढला. मी घातलं नाही. खाली साहेबांनी सही केली, नावासकट, स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमनने पंख्याचं तोंड दाराकडे वळवलं. वीस मिनिटांचं काम होतं. फणीकाकूंनी खोक्याचं झाकण काढलं, फणी उजेडात धरली, मूठभर केस वाकवून बघितले आणि म्हणाल्या, “आठ दिवस कोणी मिसळलेत हे? बुटाचा ब्रश दाढी करेल याने.” शेडमध्ये जो हशा झाला तो वर ऑफिसापर्यंत आला. मुलगी शेवटच्या परीक्षेला बसली आणि पासही झाली. आता तिला कोणालाही इंजेक्शन द्यायचं असलं की काकू मला पुढे करतात.

मला ‘कारणे दाखवा’ मेमो मिळाला. उत्तराला तीन दिवस. मी चार पानी उत्तर लिहिलं, त्यात कर्तव्य, माया आणि अपुरा प्रकाश यांचा उल्लेख होता. बाईंनी ते परत पाठवलं: ‘एका ओळीत लिहावे.’ मी तासभर पेन चावलं आणि लिहिलं, ‘मला पत्र लिहायची हौस आली.’ ते मान्य झालं. शिक्षा: लेखी ताकीद, आणि महिनाभर खिडकीत बसून प्रत्येक चिठ्ठी, बाईंना ऐकू जाईल अशी, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची. त्या महिन्यात मला आमच्या कारखान्याबद्दल जे कळलं ते सहा वर्षांच्या पत्रव्यवहारात कळलं नव्हतं. मुकादम शीळ घालायचा कारण त्याला दम्यासाठी डॉक्टरने फुंकर घालायचा व्यायाम सांगितला होता, हेही त्यात आलं. पॅकिंगवाला आता त्याच्याशी बोलतो. माझी ‘निश्चयाची नोंद’ त्याने स्वतः येऊन फाडली. टोपली जागेवर होती.

बाईंनी स्वतःलाही मेमो दिला. खरोखर दिला. टंकलेखिकेकडून टाइप करून घेतला, स्वतःच्या हाताने स्वतःला दिला आणि ‘मिळाला’ म्हणून सही केली. ‘अननुभवी व्यक्तीकडे टेबल सोपवल्याबद्दल खुलासा करावा.’ तीन दिवसांनी खुलासा एका बंद पाकिटात साहेबांकडे गेला. मी पाकीट उजेडात धरून बघणार होतो, बाई म्हणाल्या, “गोपनीय आहे. हात काढा.” साहेबांनी वाचलं, हसले आणि फाइलला लावलं. त्यांनीही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही बरोबरच सुटलो. पट्टी निघाली होती. बाई दोन्ही डोळ्यांनी रस्ता बघत, दोन्ही डोळ्यांनी मला नावं ठेवत चालल्या होत्या. “कॉलर बघा जरा, एक आत एक...” फाटक ओलांडलं. “...बाहेर. आईने इस्त्री करायचं सोडलं का रे?”

मी कॉलर नीट केली. बसथांब्यावर बाकावर दोघं टेकलो. पाकिटाचं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आणि मनाला जरा लागलंही होतं, खोटं कशाला बोलू. सख्खी मावशी, आणि फाइलमध्ये कायमची ताकीद!

“मावशी, एक विचारू? फाटकाच्या बाहेर आहोत.”

“विचार.”

“माझ्या जागी दुसरा कोणी असता, हिशेबनीस म्हण, तर त्यालाही असाच मेमो दिला असतास का?”

मावशीने बस कुठे दिसते का ते बघितलं. दिसत नव्हती. मग माझ्याकडे बघितलं.

“दुसऱ्याला मी त्या टेबलावर बसवलंच नसतं.”